बर्नार्ड गुईचा कडेलोट

‘द नेम ऑफ द रोज’ या चित्रपटाविषयी आपल्या मंडळींत जे एकमत झालेले दिसते, त्यात आम्हांस सामील होता येत नाही. मंडळाच्या सभागृहात हा चित्रपट दाखविण्यात आला त्या संध्याकाळी, शेवटी शेवटी चिडलेल्या गावकऱ्यांनी इन्क्विझिटर बर्नार्ड गुईची गाडी कड्यावरून लोटून दिली, तेव्हा सभागृहात टाळ्या पडल्या. टाळ्या वाजविणाऱ्यांत साठी ओलांडलेले, पेन्शनीत निघालेले, उभा जन्म कायदा आणि नियम यांची भाषा बोललेले लोक बहुसंख्य होते. नंतरच्या चर्चेत एका विद्वान वक्त्यांनी असेही सांगितले की, उंबेर्तो एको यांच्या कादंबरीतील धर्मशास्त्राचे फोलपट पाखडून दिग्दर्शकाने निव्वळ दाणे आपल्यापुढे ठेवले आहेत. आमचे म्हणणे नेमके उलट आहे. पाखडणे झाले खरे. पण दाणे सुपाबाहेर गेले.

ज्यांनी चित्रपट पाहिला नाही त्यांच्यासाठी कथानक थोडक्यात सांगणे भाग आहे. काळ १३२७ सालच्या नोव्हेंबरचा. स्थळ उत्तर इटलीच्या डोंगरातील बेनेडिक्टाइन पंथाचा एक श्रीमंत मठ. पोप बाविसावा जॉन हा रोम सोडून फ्रान्समधील आव्हिन्यों येथे बसलेला. ख्रिस्त आणि त्याचे शिष्य यांच्याजवळ स्वतःच्या मालकीचे काही नव्हते, असे म्हणणे हा पाखंडीपणा होय, असे त्याने १३२३ साली जाहीर केलेले. आणि दारिद्र्याचे व्रत घेतलेले फ्रान्सिस्कन साधू त्यामुळे संकटात सापडलेले. या वादाची बैठक मठात भरावयाची असते. तत्पूर्वी तेथे एका साधूचा मृत्यू होतो. बास्करव्हिलचा विल्यम हा इंग्रज फ्रान्सिस्कन आपल्या अ‍ॅड्सो नावाच्या तरुण शिष्यासह येतो आणि चौकशी हाती घेतो. एकामागून एक साधू मरत जातात. काहींची बोटे आणि जीभ काळी पडलेली आढळते. उलगडा शेवटी मठाच्या ग्रंथालयात होतो. ॲरिस्टॉटलच्या काव्यशास्त्राचा विनोदावरील दुसरा भाग, जो आज जगात कोठेही उपलब्ध नाही, तो तेथे दडवून ठेवलेला असतो. आणि होर्हे नावाच्या आंधळ्या वृद्ध साधूने त्याच्या पानांना विष लावून ठेवलेले असते. वाचकाने पान उलटण्यासाठी बोट जिभेला लावले की तो संपला. (कचेरीत टेबलावर ओला स्पंज ठेवण्याची पद्धत किती हितावह होती, हे आम्हांस चित्रपट पाहताना प्रथमच जाणवले.)

चित्रपट १९८६ सालचा, फ्रेंच दिग्दर्शक झाँ-झाक आनो यांचा. त्याचे गुण आम्ही नाकारीत नाही. आतील बरीचशी दृश्ये जर्मनीतील एबरबाख येथील बाराव्या शतकातल्या खऱ्याखुऱ्या मठात चित्रित झालेली आहेत. बाहेरचा मठ रोमजवळ उभारला होता. थंडी, चिखल, धूर, साधूंचे किडके दात हे सारे अंगावर येते. मठाच्या भिंतीतील झरोक्यातून उष्टेखरकटे खाली फेकले जाते आणि खालचे भुकेले गावकरी त्यावर तुटून पडतात, हे एकच दृश्य मठाच्या दानधर्माविषयी पुष्कळ काही सांगून जाते. शॉन कॉनरी यांच्या विल्यमला ब्रिटिश अकादमीचे पारितोषिक मिळाले, ते योग्यच होते. ग्रंथालयात प्रथम पाऊल टाकल्यावर त्यांच्या चेहऱ्यावर लहान मुलासारखा जो आनंद फुलतो, तो पाहून ज्याला ग्रंथसंग्रहाची ओढ आहे त्याचा घसा दाटून यावा. शिवाय श्रेयनामावलीत दिग्दर्शकाने आपल्या कृतीला ‘एकोच्या कादंबरीचे पॅलिम्पसेस्ट’ म्हटले आहे. पॅलिम्पसेस्ट म्हणजे जुनी अक्षरे खरवडून त्यावर नवा मजकूर लिहिलेले चर्मपत्र. तेव्हा बदल केला, एवढीच तक्रार करणे शहाणपणाचे नाही. काय खरवडले आणि त्या जागी काय लिहिले, हे मात्र विचारता येते.

मूळ कादंबरी १९८० साली इटालियनमध्ये निघाली; आम्ही ती विल्यम वीव्हर यांच्या १९८३ च्या इंग्रजी अनुवादातून वाचली. तीत बर्नार्ड गुई मठात येतो, मठाचा कोठीवाला रेमिजिओ, त्याचा अर्धवट सोबती साल्वातोरे आणि पोटासाठी मठात चोरून येणारी एक गरीब मुलगी यांना पकडतो, खटल्याचे नाटक करतो आणि कैद्यांना घेऊन सुखरूप निघून जातो. मुलगी जाळली जाणार हे विल्यम अ‍ॅड्सोला स्पष्ट सांगतो. तिचे नावसुद्धा अ‍ॅड्सोला कळत नाही. ग्रंथालयाला आग लागते तेव्हा बर्नार्ड तेथे नसतोच. सारा मठ तीन दिवस जळतो. अनेक वर्षांनी परत आलेल्या अ‍ॅड्सोला हाती लागतात ती करपलेल्या चर्मपत्रांची चिटोरी.

चित्रपटात काय होते? चिता मठाच्या आवारातच रचल्या जातात. दोघे पुरुष जळतात. पण ग्रंथालयाला आग लागल्याच्या गोंधळात गावकरी मुलीला सोडवितात. बर्नार्ड पळू लागतो, जमाव त्याची गाडी लोटतो, आणि तो अणकुचीदार लोखंडावर पडून मरतो. विल्यम उराशी काही ग्रंथ धरून आगीतून बाहेर येतो. मुलगी अ‍ॅड्सोला निरोप द्यायला वाटेवर उभी राहते. दुष्टाचा कडेलोट, अबलेची सुटका, नायकाच्या हाती थोडे धन. आपल्याकडील जुन्या संगीत नाटकातही भरतवाक्यापूर्वी एवढी चोख वाटणी होत नसे.

आता इतिहास पाहू. बर्नार्ड गुई ही काल्पनिक व्यक्ती नव्हे. डॉमिनिकन पंथाचा हा धर्माधिकारी १३०७ ते १३२३ या काळात तुलूझ येथे इन्क्विझिटर होता. पाखंड्यांची तपासणी कशी करावी, प्रश्न कोणत्या क्रमाने विचारावेत, याची पद्धतशीर पुस्तिका त्याने लिहिली. नंतर तो लोदेव्हचा बिशप झाला आणि १३३१ च्या डिसेंबरअखेर, कथेतल्या घटनांनंतर चार वर्षांनी, बिशपच्या पदावर असतानाच मरण पावला. त्याला कोणी कड्यावरून लोटले नाही. जमावाने सोडाच, वरिष्ठांनीही त्याला कधी जाब विचारला नाही. उलट बढती दिली. दप्तराच्या कामात ज्यांचे आयुष्य गेले त्यांना यात नवल वाटणार नाही.

मग या मनुष्याचा न्याय झालाच नाही काय? झाला, आणि तो कसा झाला, हे त्या टाळ्यांच्या आवाजात कोणाला आठवले नाही म्हणून आम्ही हा लेख लिहीत आहोत. बर्नार्डने आपल्या निवाड्यांची एक वही ठेवली होती. कोणाला पकडले, काय कबूल करून घेतले, कोणाला कपड्यावर पिवळा क्रूस शिवून हिंडावयास लावले, कोणाला कायमचे कोंडले, कोणाला जाळण्यासाठी राजसत्तेच्या हवाली केले, हे सारे तीत नोंदलेले आहे. शिक्षा झालेली माणसे सहाशेहून अधिक, आणि जाळावयास दिलेली सुमारे चाळीस. ही वही टिकली. १६९२ साली फिलिप फान लिम्बोर्ख या डच पंडिताने इन्क्विझिशनचा इतिहास लिहिला, त्याबरोबर ती वही संपूर्ण छापून जगापुढे ठेवली. आज मूळ हस्तलिखित लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे. संशोधकाला ते पाहता येते. बर्नार्ड गुईचा कडेलोट असा झाला. तो त्याच्याच दप्तरातल्या, त्याच्याच कारकुनांनी नीट जपलेल्या कागदांनी केला, आणि कोणीतरी ती वही वाचकापुढे उघडली म्हणूनच तो होऊ शकला.

याची दुसरी बाजू आपल्या गोमंतकातील वाचकांना सांगावयास नको. गोव्याचे इन्क्विझिशन १५६० पासून, मध्यंतरीचा अल्प खंड वगळता, १८१२ पर्यंत चालले. ते रद्द झाल्यावर त्याच्या दप्तराचा मोठा भाग जाळून टाकण्यात आला. प्रा. अ. का. प्रियोळकर यांनी १९६१ साली गोव्यातील इन्क्विझिशनवरचा आपला इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध केला, तेव्हा देलों या फ्रेंच कैद्याने सतराव्या शतकात लिहिलेल्या आठवणींसारख्या बाहेरच्या साक्षींवर त्यांना किती भिस्त ठेवावी लागली, हे तो ग्रंथ वाचणारास ठाऊक आहे. तुलूझच्या कैद्यांची नावे व गावे आज मोजून सांगता येतात. गोव्याच्या कैद्यांपैकी बहुतेकांच्या जबान्या कायमच्या गेल्या. दोन्हीकडचे अधिकारी सारखेच कठोर असतील. एका ठिकाणचे कागद राहिले आणि दुसऱ्या ठिकाणचे गेले, एवढाच फरक. पण तो फरक लहान नाही.

म्हणून ग्रंथालय जळत असताना प्रेक्षकाला टाळ्या वाजवावयास लावणारा चित्रपट आम्हांस खटकतो. मागे ग्रंथ जळत आहेत, पुढे जमाव न्याय करीत आहे, आणि आपले लक्ष जमावाकडे आहे. ही मांडणी सहज झालेली नाही. प्रेक्षकाने समाधानाने घरी जावे यासाठी कोणीतरी मरावयास हवा होता. इतिहासात तो मरत नव्हता आणि कादंबरीतही मरत नव्हता, म्हणून त्याला मारण्यात आले. कोणी म्हणेल की गावकऱ्यांचा संताप रास्त होता. होताच. परंतु जमाव कड्यावर काय लोटतो याची निवड पुढच्या वेळी आपल्या हाती राहत नाही. ५ जानेवारी २००४ रोजी पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात जो जमाव शिरला, त्यालाही आपण न्याय करीत आहोत असेच वाटत होते. एका परदेशी लेखकाच्या पुस्तकात संस्थेचे आभार मानलेले होते, एवढ्यावरून ग्रंथ आणि हस्तलिखिते भुईवर आली. त्या वेळी हळहळलेले हेच आमचे स्नेही त्या संध्याकाळी टाळ्या वाजवीत होते. दोन जमाव एक नव्हेत, हे आम्हांस मान्य आहे. टाळीची सवय मात्र एकच आहे.

आणि या कडेलोटामुळे खरा अपराधी झाकला जातो, हा आमचा मुख्य आक्षेप आहे. बर्नार्डने मठातला एकही खून केलेला नाही. खुनांचे मूळ ग्रंथालयाच्या किल्लीत आहे. होर्हे हा क्रूर मनुष्य नाही. तो व्रतस्थ आहे, विद्वान आहे, मठावर त्याचे प्रेम आहे. त्याला एवढेच वाटते की, विनोदाला ॲरिस्टॉटलसारख्या आचार्याची मान्यता मिळाली तर सामान्य माणूस भ्यावयाचा थांबेल, आणि भीती गेली की धर्म गेला. ज्यांच्या भरतमुनींनी आठ रसांत हास्याला हक्काचे पान वाढले त्या आपल्याला हे भय आरंभी परके वाटते. पण देहूच्या इंद्रायणीत बुडविलेल्या वह्यांची कथाही आपलीच आहे. तेव्हा परकेपणाचा दिमाख फार वेळ मिरविता येत नाही.

होर्हे ग्रंथ जाळीत नाही, हेही ध्यानात घ्यावे. शेवटचा प्रसंग येईपर्यंत तो ग्रंथ जपतो. उत्तम जपतो. फक्त वाचू देत नाही. जाळणाऱ्यांना आपण ओळखतो, त्यांच्याविरुद्ध निषेधाचे ठराव करतो. जपणाऱ्यांचा मात्र सत्कार करतो, शाल-श्रीफळ देतो. एकोंनी या म्हाताऱ्याचे नाव होर्हे ठेवले ते अर्जेंटिनाचे अंध साहित्यिक आणि राष्ट्रीय ग्रंथालयाचे संचालक होर्हे लुईस बोर्हेस यांच्यावरून. ग्रंथांवर जीव ओवाळून टाकणाऱ्या माणसाचे नाव त्यांनी खुन्याला दिले, यात खोच आहे. ज्याला ग्रंथ फार प्रिय असतात त्याला ते इतरांच्या हाती पडलेले सोसत नाहीत. चित्रपटात होर्हे आहे, विषारी पानेही आहेत. पण त्याच वेळी बाहेर चिता धगधगत असल्यामुळे आपला सारा राग बर्नार्डवर खर्च होऊन जातो आणि ग्रंथपालासाठी काही उरत नाही. एफ. मरे अब्राहम यांनी बर्नार्ड असा काही उभा केला आहे की त्याच्यापुढे दुसरा कोणी खलपुरुष आठवूच नये.

विल्यमच्या बाबतीतही असेच झाले आहे. कादंबरीत तो खुनांच्या मागे एक योजना आहे, बायबलच्या अखेरच्या भागातील सात तुताऱ्यांप्रमाणे मृत्यू घडत आहेत, असे धरून चालतो आणि होर्हेपर्यंत पोहोचतो. पोहोचल्यावर कळते की अशी योजना नव्हतीच. पहिला मृत्यू तर आत्महत्या होती. चुकीच्या वाटेने तो योग्य दाराशी आला, आणि हे तो स्वतः खेदाने कबूल करतो. चित्रपटातला विल्यम मात्र शेरलॉक होम्सचा तेराव्या-चौदाव्या शतकातील पूर्वज म्हणून ताठ मानेने बाहेर पडतो. बुद्धिमान माणूस आपली चूक मान्य करतो, हे दृश्य पडद्यावर दुर्मीळच. हाती आलेले दिग्दर्शकाने सोडून दिले.

मठाधिपतीविषयी मात्र आम्हांस विशेष जिव्हाळा वाटला, हे लपविण्यात अर्थ नाही. तो विल्यमला सांगतो, सर्व चौकशी करा, ग्रंथालयात तेवढे जाऊ नका. शासकीय चौकशी समित्यांची कार्यकक्षा ठरविणारे आदेश आम्ही नोकरीच्या काळात पुष्कळ वाचले, काही लिहिलेही. प्रत्येकात एक खोली वगळलेली असे, आणि हरवलेली वस्तू बहुधा त्याच खोलीत असे.

एक प्रसंग सांगितल्यावाचून राहवत नाही. आम्ही एका जिल्ह्याच्या ठिकाणी असताना जुन्या इनामांच्या सनदा पाहण्यासाठी एक तरुण अभ्यासक अर्ज घेऊन आला. मोडीतील ते रुमाल रेकॉर्ड रूममध्ये होते. आम्ही स्वतः पाहिले होते. परंतु त्यांतून एका वजनदार घराण्याच्या जमिनीचा प्रश्न निघाला असता. रेकॉर्ड कीपर फार सज्जन गृहस्थ. रुमालांना दर पावसाळ्यानंतर ऊन दाखवीत, कडुलिंबाचा पाला घालीत. त्यांनी टिपणी ठेवली, ‘वाळवीमुळे नष्ट, उपलब्ध नाही.’ आम्ही खाली सही केली. कोणी दडपण आणले नव्हते. कोणास उगाच त्रास नको, एवढाच विचार होता. मुलगा आभार मानून गेला. २००५ साली माहितीचा अधिकार कायद्याने आला तेव्हा आम्हांस प्रथम आठवली ती ती सही. बर्नार्ड गुईशी आमचे काही साम्य आहे असे आम्हांस कधी वाटले नाही, आणि म्हणूनच त्याच्या कडेलोटाला टाळी वाजविणे सोपे गेले असते. होर्हे पडद्यावर आला तेव्हा मात्र आम्ही खुर्चीत जरा सावरून बसलो.

२०१९ साली याच कादंबरीवर दूरचित्रवाणीची आठ भागांची मालिका निघाली. तीही आता मंडळात दाखवावी अशी सूचना आली आहे. आमची हरकत नाही. मात्र तत्पूर्वी एक काम उरकून घ्यावे अशी आमची सूचना आहे. मंडळाच्या ग्रंथालयात खिडकीशेजारी जे लोखंडी कपाट आहे, त्याची हस्तलिखित यादी आम्ही पाहिली आहे. तीत जुन्या हस्तलिखित वार्षिकांबरोबर मंडळाच्या नाट्यशाखेसाठी लिहिलेल्या काही प्रहसनांची नोंद आहे. त्यांत त्या काळच्या प्रतिष्ठित सभासदांची थट्टा होती असे वडीलधारी माणसे सांगत. थट्टा करणारे आणि थट्टेचे धनी, दोघेही केव्हाच निवर्तले. नोंदीपुढे लाल शाईने, सुवाच्य अक्षरात लिहिले आहे, ‘वाचकांस देऊ नये.’ खाली सही आहे, तारीख नाही. गेल्या महिन्यात आम्ही त्या कपाटाची किल्ली रीतसर अर्ज करून मागितली. ती सध्या कोणाकडे आहे याची चौकशी चालू असल्याचे आम्हांस तोंडी कळविण्यात आले आहे.